बाहेरची नखी

त्या वर्षापर्यंत मी मोठ्या जनावरांचं काम जवळजवळ सोडलं होतं. पिंपळे सौदागरला माझा दवाखाना आहे. तिथे येतात ती सोसायट्यांमधली कुत्री आणि मांजरं. कानाची खाज, उलट्या, लसी. त्याआधी बरीच वर्षं मी चाकणच्या बाजूला गोठ्यागोठ्यांतून हिंडून गाईबैलांची दुखणी काढली होती. मग माझे गुडघे कुरकुरायला लागले आणि गोठेही कमी होत गेले. गोठ्याच्या जागी गोदाम आलं, चाऱ्याच्या जागी कंटेनर उभे राहिले. जुन्या ओळखीच्या दोनचार घरांचे फोन मात्र येत राहिले. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

हे त्यातलंच एक घर. चाकणच्या पुढे, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून. घरात आबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मशीनवर होता, सून दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करायला जायची. नांगराची शेती संपली होती. तरी गोठ्यात एक बैल होता, गाड्याचा. आमच्या भागात जत्रेला बैलगाडे पळतात. चढाची लांब धाव असते, तिला घाट म्हणतात, आणि घाटात पहिला आलेला बैल म्हणजे घरातला कर्ता माणूसच. हा पांढराशुभ्र खिलार होता, खांद्याकडे किंचित काळसर. मी त्याला वासरू असताना पाहिलं होतं. आई दूध देईना म्हणून सूनबाईने त्याला बाटलीवर वाढवला होता.

फोन तिचाच आला. "बाई, बैल पाय टेकवंना झालाय. तुमी याल का?"

मी गेले तेव्हा तो तीन पायांवर उभा होता. मागचा उजवा पाय हवेत, खुराचं टोक तेवढं जमिनीला लागलेलं. माझी चाहूल लागताच त्याने कान वळवले, पण जागचा हलला नाही. बैलाच्या खुराला दोन नख्या असतात, एक आतली, एक बाहेरची. बाहेरच्या नखीच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे, टम्म सूज होती. सुजेच्या मधोमध एक छोटं भोक होतं आणि त्यातून पातळ, राखाडी पू वाहत होता. वासाने मी तोंड बाजूला केलं. एवढ्या वर्षांनंतर असं सहसा होत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मुरगाळलाय," मुलगा म्हणाला. "गावातल्या एकाने इंजेक्शनं दिली, फोड पण फोडला. थोडं कमी होतं, परत वाढतं."

सूनबाई घमेलं खाली ठेवत म्हणाली, "खरं सांगा की बाईंना."

आबांनी मान दुसरीकडे फिरवली. मग मुलाने सांगितलं. कुंपणाच्या कडेने बैलाला फिरवताना एक पोलादी चिप नख्यांच्या खाचेत घुसली होती. लेथवर लोखंड सोलताना स्प्रिंगसारखी वळलेली, ब्लेडसारखी धारदार पट्टी निघते, ती. भंगाराच्या ट्रकमधून त्या रस्त्यावर सांडतात. त्याने ती ओढून काढली, हळद लावली, आणि झालं असं समजला. जत्रा तोंडावर होती. बैल लंगडायला लागला तेव्हा कुणीतरी दुखणं मारायची सुई दिली आणि त्या सुईवर त्याने बैल घाटात पळवला.

"पहिला आला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तेव्हाही कुठेतरी अभिमान होता आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

मी भोकातून बोथट सळई हळूच आत घातली. मऊ मांसातून ती सरकत गेली आणि एका जागी टेकली. खरखर लागली. उघडं पडलेलं हाड असं लागतं. हाताला ते एकदा कळलं की पुन्हा विसरत नाही. मग मी सांध्यात सुई घालून पाणी ओढलं. चांगल्या सांध्यातलं पाणी स्वच्छ, चिकट, मधासारखं तार धरणारं असतं. सिरिंजमध्ये आलं ते गढूळ होतं आणि त्यात दह्यासारख्या गुठळ्या होत्या. म्हणजे सांध्यातही पू गेला होता.

दिघीत माझा एक डॉक्टर मित्र आहे, त्याच्याकडे उचलून नेता येईल असं एक्स-रेचं यंत्र आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला यंत्रासकट घेऊन आले. चित्र लॅपटॉपवर उमटलं. नखीच्या आतल्या हाडाची कड वाळवी लागलेल्या चौकटीसारखी कुरतडलेली. सांध्यातली फट भलतीच रुंद, कारण मधली कूर्चा, हाडांमधली मऊ गादी, पुवाने खाऊन टाकली होती.

ओट्यावर बसून मी तिघांना समजावून सांगितलं. "हाडात पू झाला की हाडाला रक्त पोचत नाही. रक्त नाही तर औषधही नाही. मेलेलं हाड तसंच आत राहतं आणि जंतू त्याच्या आड लपून बसतात. म्हणून इंजेक्शनं चालू असताना बरं वाटतं, थांबवली की उलटतं."

"मग?" मुलगा म्हणाला.

"ती नखी काढायची. सांध्यासकट. दुसरी नखी शाबूत आहे, तिच्यावर तो उभा राहील, चालेल."

"पळंल?"

"नाही."

तो उठून अंगणात गेला. पलीकडे कंपनीचा भोंगा झाला आणि रस्त्यावर बसगाड्या लागल्या, शिफ्ट सुटली होती. तो गर्दीकडे पाठ करून उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, दुसरा रस्ता सांगा. असंलच कायतरी."

होता. फार आशेचा नव्हता, पण होता. सांधा रोज धुवायचा. पायाला वर रबर घट्ट बांधून खालच्या शिरेत औषध सोडायचं, म्हणजे ते अंगभर न पसरता तिथेच मुरतं. चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवायचा, म्हणजे आजारी नखी अधांतरी राहते आणि तिला आराम पडतो. पू तपासायला पाठवायचा आणि त्या जंतूंना मारणारं नेमकं औषध शोधायचं. मी त्याला हे सगळं सांगितलं आणि असंही सांगितलं की आठवडाभरात सूज उतरली नाही तर मी परत नखी काढण्याबद्दल बोलेन. तो चटकन हो म्हणाला. त्याने पुढचं ऐकलंच नाही असं मला वाटलं.

दुपारी दवाखाना बंद करून मी रोज निघायचे. नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून पडायचे, खिडक्या बंद करून. गोठ्यात पोचले की सूनबाईने पाणी उकळून ठेवलेलं असायचं. ती बैलाचं डोकं धरायची, मुलगा पाय धरायचा, आणि मी सांध्याच्या एका बाजूने सुई घालून सलाइन सोडायचे. दुसऱ्या बाजूच्या सुईतून ते बाहेर यायचं. आधी पांढरट गुठळ्या, मग गढूळ, मग जरा स्वच्छ. स्वच्छ पाणी यायला लागलं की आम्हा तिघांना बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुठळ्या.

तपासणीचा निकाल आला. गावातल्या माणसाने दिलेली सगळी औषधं त्या जंतूंवर निकामी ठरली होती. मी वापरत होते त्यातलंही एक. उरली मोजकीच. त्यांच्यावर आम्ही आलो.

पहिले काही दिवस बैल लाथा झाडायचा. एकदा माझा चष्मा उडाला, एकदा मुलाच्या मांडीवर काळानिळा वळ उठला. आम्ही त्याला शिव्या घालायचो, मग चुचकारायचो. मग एका दुपारी मी सुई घातली आणि त्याने पाय काढून घेतला नाही. नुसता थरथरला. मुलाला बरं वाटलं. "शहाणा झालाय बघा," तो म्हणाला. मी सलाइन सोडत राहिले. दुखणाऱ्या जनावराने लाथ मारणं सोडलं की त्याच्यात लाथेपुरती ताकद उरलेली नसते.

तो खंगत गेला. फऱ्याची, मांडीवरची हाडं वर आली, कातडी सैल पडली. सगळा भार डाव्या मागच्या पायावर, म्हणून तोही सुजला. मग तो बसूनच राहायला लागला. बसून बसून कोपराला जखमा झाल्या. सूनबाई त्याच्याखाली उसाचं पाचट पसरायची, त्याला कुशीवर वळवायची, कॅन्टीनमधून आल्या आल्या, पदर खोचून. हातावर तव्याचे चटके आणि त्यावर जंतुनाशकाचा पिवळा डाग. मुलाने सेकंड शिफ्ट बदलून घेतली, ओव्हरटाइम सोडला. तो बैलाच्या तोंडाशी हिरवा घास धरून बसायचा. बैल वास घ्यायचा आणि तोंड वळवायचा.

ठरलेला आठवडा झाला तेव्हा मी बोलले. "भाऊ, सूज उतरत नाही. नखी काढूया."

"अजून थोडं बघू, मॅडम. आज त्यानं पेंड खाल्ली."

आबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बाई, पळणारं जनावर हाय त्ये. एक पाय तोडून ठेवलं तर त्याला तरी काय गोड लागायचं?"

"पाय नाही, आबा. नखी."

"बैलाला त्योच पाय असतोय."

मी गाडीत बसले आणि नाशिक रस्त्यावरच्या पुलापाशी सिग्नलला थांबले असताना मला रडू आलं. राग कुणावर होता कळेना. मुलावर जबरदस्ती करता येत नव्हती, आणि तो थांबत होता तसतसा पू वर चढत होता. नखीच्या वर आणखी सांधे असतात. त्या वरच्या मोठ्या सांध्यात पू गेला की नखी काढून काही उपयोग नाही. मग काहीच करण्यासारखं उरत नाही.

दोन दिवसांनी मी पोचले तेव्हा सूज वर सरकलेली होती. नखीच्या वरची सगळी गाठ कडक, गरम. ताप होता. बैल मान लांब करून पडला होता आणि श्वासागणिक कण्हत होता, दात चावत. मी गुडघे टेकून बसले आणि पाय चाचपत राहिले, वरचा मोठा सांधा वाचला आहे का ते बघत. वाटत होतं वाचलाय. खात्री नव्हती.

मुलगा माझ्या शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं इंजेक्शन असतं ना. झोपवायचं. द्या ते."

मी पायावरचा हात काढला.

"हे बघवत न्हाई मला. मी केलंय हे. सुईवर मीच पळवला त्याला. आता सोडवा त्याला. मी धरतो डोकं."

आणि मला ते पटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला ते पटत होतं. बॅग माझ्या हाताशी होती. जनावर वेदनेने दात खात होतं, वाचायची शक्यता दिवसागणिक कमी होत होती, आणि मी इतकी दमले होते की शेवट कुठलाही का असेना, तो यावा असं वाटत होतं.

सूनबाई दारात उभी होती. ती कधी आली आम्हाला कळलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "पळनार न्हाई म्हणून नखी काढू दिली न्हाई तुमी. आन आता मारा म्हणताय?"

"तुला कळत न्हाई, त्याला किती दुखतंय."

"मला कळत न्हाई?" तिचा आवाज चढला. "बाटलीनं दूध पाजलंय मी त्याला. अंगावर घेऊन बसलीया. तुमी त्याला पळवायला ठेवला, मी न्हाई ठेवला. त्यो घाटात पळाला काय अन् न्हाई पळाला काय, मला काय फरक पडलाय कधी?" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, काढली तर वाचंल का?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "आठवड्यापूर्वी हो म्हटलं असतं. आता अर्धीमुर्धी आशा आहे. कदाचित तेवढीही नाही."

"मग काढा."

तिने आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. मुलगा दोन्ही तळहातांनी तोंड झाकून तिथेच बसून राहिला आणि त्याने नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीचा मित्र मदतीला आला. बैलाला थोडं गुंगीचं औषध दिलं. पाडायची गरजच नव्हती, तो पडलेलाच होता. फक्त उजवी बाजू वर येईल असा वळवून दोर बांधले. पायाला रबर आवळून शिरेत भूल सोडली. खालचा पाय बधिर झाल्याची खात्री केली, सुई टोचली, पुन्हा टोचली. मग दोन नख्यांच्या खाचेत तारेची करवत घातली. दोन्ही टोकं मित्राने धरली आणि तिरकी वर ओढायला सुरुवात केली. तारेची घरघर, हाड जळाल्याचा वास, आणि मग ते सगळं माझ्या हातात सुटून आलं. खूर, सांधा, कुजलेलं हाड. मी ते परातीत ठेवलं. सूनबाई बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्या परातीकडे पाहिलं नाही.

कापलेलं हाड वरच्या अंगाला पांढरं, घट्ट होतं. मला वाटलं, सुटलो. तरी कुठे पू राहिलाय का बघायला मी पायामागचं मांस जरा दाबलं, आणि पायाच्या मागून जाणाऱ्या जाड दोरीसारख्या नसेच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेच्या, आवरणातून पुवाची धार आली. वरून. म्हणजे पू हाडाच्या वाटेने चढला नव्हता, नसेच्या म्यानातून चढला होता. मित्राने शिवी हासडली.

"कुठपर्यंत असेल?" तो म्हणाला.

मी एक बारीक रबरी नळी म्यानातून वर सरकवत गेले. ती अडली तिथे बाहेरून चीर दिली, कुजलेली नस कापून काढली, आणि सलाइनच्या बाटल्यामागून बाटल्या त्यातून सोडल्या. शेवटी वरून स्वच्छ पाणी यायला लागलं. मोठ्या सांध्यात सुई घालून पाहिली. पाणी किंचित पिवळट आलं, पण तार धरणारं. गुठळी नव्हती. तेवढ्या एका थेंबावर मी स्वतःला धरून ठेवलं. रबर सोडल्यावर हाडाच्या तोंडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. हाड जिवंत होतं. नळी आतच ठेवून आम्ही पाय बांधला.

ताप त्या दिवशी उतरला नाही. पुढच्याही दिवशी नाही. मी पट्टी सोडायचे, नळीतून धुवायचे, पट्टी बांधायचे. मुलगा गोठ्यात यायचा बंद झाला. तो कामावरून यायचा, ओट्यावर बूट काढायचा आणि सरळ घरात जायचा. बायको आणि तो एकमेकांशी बोलत नव्हते. जेवणाचं ताट ती आबांच्या हातून पाठवायची. आणि बैल पडलेला, डोळ्यांवर माश्या. मला रोज वाटायचं, आज पोचेन आणि संपलेलं असेल. गाडी वळवताना मी आधी गोठ्याच्या दाराशी माणसं जमलीत का बघायचे.

मग एका दुपारी सूनबाई रस्त्यापर्यंत आली. मी काच खाली केली. ती दाराला धरून धापा टाकत होती. मला वाटलं, गेला.

"उठलाय," ती म्हणाली.

तो उभा होता. चारी पायांवर. उरलेल्या एका नखीवर मागचा उजवा पाय टेकवलेला, सगळं अंग लटपटत असलेलं. पुढ्यातला कडबा तो ओढत होता. मी त्याच्या फऱ्यावर हात ठेवला. कातडी गार लागली, ताप उतरला होता. आबा काठी टेकत आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली. मुलाला बोलवायला सूनबाई घरात गेली. तो दारापर्यंत आला, बैलाच्या पायाकडे पाहिलं आणि तसाच मागे फिरला. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. ती त्याच्यामागे आत गेली. त्या दोघांना तसं सोडून मी माझं काम करत राहिले.

जखम भरायला फार वेळ लागला. लाल मांस धरलं, मग त्यावर कातडी सरकत आली. हळूहळू मुलगा गोठ्यात यायला लागला. आधी चारा टाकून जायचा, मग पट्टी धरायला थांबायला लागला, मग मी नसतानाही पट्टी तोच बदलायला लागला. बैलाच्या अंगावर मांस चढलं. तो एका बाजूला झुकत, डुलत चालतो.

हे सगळं चांगलं झालं असं मी स्वतःला सांगते. पण पुढच्या मोसमात शेजारच्या गावात जत्रा होती आणि मी योगायोगाने त्या दिवशी त्याची उरलेली, वाढलेली नखी तासायला गेले होते. लाऊडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारायला लागले. बैल बसला होता. तो आवाज कानावर पडताच तडफडत उठला, कान टवकारले, दाव्याला हिसके द्यायला लागला. मुलगा धावत आत आला, त्याच्या मानेला मिठी मारून उभा राहिला. "न्हाई रं, न्हाई रं," म्हणत राहिला. बैल त्याला घेऊन पुढे ओढत होता आणि उजवा पाय त्याच्याखाली दुमडत होता. स्पीकर बंद होईपर्यंत मुलगा तसाच उभा होता.

"दर वेळी असंच करतो," तो मला म्हणाला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. "मला बघून पण उठतो, मॅडम. त्याला वाटतं, न्यायलाच आलोय. सांगायचं कसं त्याला?"

मी नखी तासून दिली. ती आता एकटीच सगळा भार घेते, त्यामुळे रुंद झाली आहे आणि एका कडेला वाकायला लागली आहे. एवढ्या वजनाच्या बैलाला एक नखी किती वर्षं तोलते, याचा माझा अनुभव फार चांगला नाही. सूनबाई दर वेळी विचारते, "बरी हाय न्हवं?" मी पाय हातात घेते, सांधा दाबून बघते, गरम लागतो का ते बघते. अजून गार आहे. तेवढंच मी तिला सांगते.